डाव्या बुटाचं फडकं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय मेव्हणेबुवा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उभ्याउभ्याच फोडलं असशील, म्हणून आधीच सांगतो, सगळे धडधाकट आहेत. तुझी ताई ठणठणीत आहे. मी हे पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू ‘बरं आहे ना, भाऊजी?’ म्हणतोस, मी ‘बरं आहे’ म्हणतो, आणि मग ताईकडे फोन द्यायची आपल्या दोघांनाही घाई होते. नऊ वर्षं हेच चाललंय. ती वर्षातून दोनदा तुझ्याकडे येते, पण तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस.

काम छोटंसं आहे. आमच्या मंडळातल्या वकीलीणबाई तुला आठवत असतील. जुन्या इटालियन मोटारसायकली पोसणारे आम्ही सहा-सात वेडे, त्यांत गाडी सगळ्यांत देखणी चालवणाऱ्या त्याच. त्यांनी आता आणखी एक गाडी घेतली आहे, आपल्या मावशीची जुळी बहीण म्हण. (माझ्या लाल गाडीला मावशी हे नाव तूच दिलंस. लाड करते आणि लगेच रुसते, म्हणून. मंडळात सगळे अजून तेच म्हणतात.) तर या जुळ्या बहिणीला ब्रेकचं पेडलच नाही. नवीन मिळत नाही, आणि ज्याच्याकडे जुनं आहे तो ते उशाशी घेऊन झोपतो. म्हणून मावशीचं पेडल आठ दिवस द्यावं, ओतारी त्यावरून दुसरं ओतून देईल, असं त्यांनी मागितलं. “परत केलं नाही तर माझ्यावर दावा लावा,” म्हणाल्या. मी हो म्हणून बसलो.

आता पेडल काढायचं म्हणजे ताडपत्री काढायला हवी. तुझ्या अपघाताच्या दिवशी गाडी टेंपोतून आणली, मागच्या शेडमध्ये ढकलली आणि वर ताडपत्री टाकली, ती अजून तशीच आहे. मंडळात जातो मी. दुसऱ्यांच्या कार्बोरेटरमध्ये बोटं घालतो, सल्ले देतो, न विचारता देतो. पण फेरीला निघालो की टायरवाल्या काकांच्या मागे बसतो. साठीच्या माणसानं सत्तरीच्या माणसाला धरून बसायचं, आणि लोकांनी बघायचं. काका म्हणतात, तू मागे असलास की वळणावर मला गाडी जास्त तिरपी करता येते. म्हणजे माझा उपयोग पोत्यासारखा आहे.

असो. पेडल काढायच्या आधी एक विचारायचं होतं. कौलांच्या कारखान्याच्या वळणावर तू ब्रेक दाबलास, तेव्हा पेडल पायाखाली घट्ट लागलं होतं, की पोकळ गेलं? एवढंच कळव. उगाच कुतूहल म्हणून विचारतोय.

‘उगाच’ हा शब्द खोडायला हवा होता, पण शाईनं लिहिलाय. राहू दे.

तुझा
भाऊजी


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मेव्हणेबुवा,

तुझं उत्तर इतक्यात येणार नाही हे मला कळतं. आधीचं पत्र कदाचित आजच तुझ्या हातात पडलं असेल. पण त्या पत्रात मी लपवाछपवी केली, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं ते मला तीन दिवस स्वस्थ बसू देईना. आज दोन गोदामांचे काटे तपासले आणि दोन्हीकडे प्रमाणपत्रावर तारीख चुकवली. पस्तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय मी. अशी चूक झाली नव्हती.

म्हणून आता सरळ लिहितो.

त्या दिवशी सकाळी तू पहिल्यांदा मावशीवर बसणार होतास, म्हणून मी तिचा मागचा ब्रेक उघडून साफ केला. ब्रेकच्या पेडलला सळई जोडलेली असते, ती एका खिळीनं. त्या खिळीच्या टोकाला एक भोक असतं, त्यात काडेपेटीतल्या काडीएवढी स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवायचे. ती घातली नाही तर गाडीच्या हादऱ्यानं खिळी सरकत सरकत निसटते, आणि मग पेडल दाबलं तरी ब्रेकला काही कळत नाही. मी तीन नव्या पिना काढल्या होत्या, तीन जागांसाठी. सोनाराच्या जुन्या तराजूचं एक पारडं माझ्या टेबलावर असतं, त्यात ठेवल्या. पिना संपल्या की काम संपलं, ही माझी पद्धत.

संध्याकाळी दवाखान्यातून घरी आलो, तेव्हा पारड्यात एक पिन शिल्लक होती.

मी ती उचलली आणि वजनांच्या लाकडी पेटीत, पन्नास ग्रॅमच्या खाचेत ठेवली. पन्नास ग्रॅमचं वजन तेव्हापासून माझ्या खिशात फिरतंय. तुझी ताई कपडे धुताना ते दर वेळी बाहेर काढते आणि टेबलावर ठेवते. कधी विचारलं नाही तिनं.

तू स्ट्रेचरवर म्हणालास, “डावाच पाय दाबला भाऊजी, ब्रेक लागलाच नाही.” उरलेल्या पिनेचं तेव्हा मला माहीत नव्हतं, तरी मी सकाळचं काम मनात पुन्हा मोजायला लागलो. आपलं काम आपल्याला ठाऊक असतं. मग काकांनी दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्यांना समजावलं, की गाडी उचलली तेव्हा चौथ्या गिअरमध्ये होती. या गाड्यांचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्या, रोजच्या गाडीच्या बरोबर उलटं. त्यातून मावशीचा गिअर खाली दाबला की वरचा पडतो. घाबरून उजवा पाय दाबणारा माणूस थांबायच्या ऐवजी तिला मोकळी सोडतो. काकांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. फक्त मला माहीत होतं की वरचा गिअर तू आधीच्या उतारावरही टाकलेला असू शकतोस.

दीड महिन्यानं तू कुबडी घेऊन मंडळात आलास. कुणीतरी ‘या, उजवे मास्तर’ म्हणालं आणि सगळे हसले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पण तू हसला नाहीस. तू म्हणालास, “डावाच दाबला होता,” आणि माझ्याकडे बघितलंस. तुझ्या बाजूनं बोलायला तिथे मी एकटाच होतो. मी चहा ढवळत बसलो. माझ्या चहात साखर नसते, हे तुला माहीत आहे.

त्यानंतर तू आला नाहीस. तुझ्या ताईनं मला विचारलं, “तुमचं काही झालं का?” मी म्हणालो, काही नाही, मास्तर लोक मानी असतात. म्हणजे गुडघा तुझा गेला, हसू तुझं झालं, आणि वर मानी असल्याचा शिक्काही तुझ्यावरच मारला मी.

ताडपत्री का काढली नाही, हे आता तुला कळलं असेल. बघितलं असतं तर नक्की कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण नऊ वर्षं मूठ झाकून बसलं की हात दुसऱ्या कशाला उरत नाही.

रविवारी सकाळी उघडणार आहे. पिनेची जागा रिकामी निघाली तर तुझ्या ताईला त्याच वेळी सांगेन, आणि मग मंडळात, सगळ्यांसमोर. हे आधी तुला लिहून ठेवतोय, म्हणजे ऐन वेळी मला पळता येणार नाही.

भाऊजी


रविवार, ९ फेब्रुवारी, दुपार

अरे,

नमस्कार वगैरे तू समजून घे. हाताला अजून रॉकेलचा वास येतोय आणि पत्रावर एखादा डाग पडला तर तो ग्रीसचा आहे.

नऊ वाजता शेड उघडली. ताडपत्री काढली. मावशी होती तशीच होती, फक्त टाकीचा लाल रंग विटलाय आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटून मोडलेला दिसला. पुढच्या चाकाचा काटा वाकडा. डावीकडचं पायटेकण आपटून आत दुमडलंय, त्यामुळे पेडलची खिळी दिसतच नव्हती. पायटेकण काढायला सायलेन्सर काढावा लागला, आणि सायलेन्सरचा एक नट असा गंजला होता की त्यानंच दीड तास खाल्ला. खरं सांगू का, मला बरं वाटत होतं त्या नटामुळे. तो निघाला नसता तर मी दिवसभर त्याच्याशी भांडत बसलो असतो.

निघाला. मी चिंधीनं चिखल पुसला. खिळी जागेवर होती.

जागेवर होती, रे. तिच्या टोकाच्या भोकात काहीतरी काळं, वाकवलेलं घातलेलं होतं, पण ती माझी पिन नव्हती. मी चष्मा पुसला, बॅटरी आणली. तो केसांचा आकडा होता. बायका अंबाड्यात खोचतात तो, दोन पायांचा. भोकातून घालून दोन्ही पाय पक्कडीनं मागे वळवलेले, आणि इतके नीट की मीही तसे वळवले नसते.

मी तिथूनच तुझ्या ताईला हाक मारली. ती भाजी निवडत होती, सुरी घेऊनच आली.

“हा तुझा का?” मी विचारलं.

तिनं वाकून बघितलं. “हो, माझाच. अजून आहे होय तिथे?”

“इथे कसा आला?”

“तुम्ही हात धुवायला आत गेला होतात. मी तुम्हाला फडकं द्यायला आले, तर त्या खिळ्याचं भोक रिकामं दिसलं. बाकीच्या दोघांत पिना होत्या, यात नव्हती. म्हटलं, माझा भाऊ बसणार आहे यावर, तर घालून ठेवावा. नंतर तुम्हाला सांगणार होते. मग तो पडला, आणि त्या धांदलीत राहूनच गेलं.”

“नऊ वर्षं राहून गेलं?”

“तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं,” ती म्हणाली.

मी शेडच्या फरशीवर बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, मी तर गावालाही गेलो नाही, कळशाशेजारीच कोरड्या घशानं बसून राहिलो. मग मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला वाटलं, मला काही होतंय. तिनं सुरी बाजूला ठेवली आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. तिथे मी तिला सगळं सांगितलं. पारड्यातली पिन, पेटीतली खाच, खिशातलं वजन, चहा. तिनं माझ्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाली, “म्हणून होय ते वजन. मला वाटायचं, वयानं काही करता तुम्ही.”

मी हात लावून पेडल दाबून बघितलं. सळई ओढली जाते, मागच्या चाकापाशी ब्रेकचा हात फिरतो. नऊ वर्षांच्या गंजासकट फिरतो. म्हणजे त्या दिवशी ब्रेक होता. तुझ्या गुडघ्याला माझी पिन जबाबदार नाही. हे वाक्य मी मनात सकाळपासून वीस वेळा म्हटलंय, आणि दर वेळी छातीवरून कुणीतरी धान्याचं पोतं उचलल्यासारखं वाटतं.

तुला हे वाचून काय वाटेल, याची मात्र धास्ती आहे. तू डावाच पाय दाबला म्हणतोस आणि ब्रेक तर शाबूत निघाला. मला त्यावर आता काही विचारायचं नाही. पेडल पोकळ गेलं का, हा माझा प्रश्न मी मागे घेतो. घाबरलेल्या माणसाला आपला कुठला पाय कुठे होता हे आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या दिवशी मंडळात मी चहा ढवळत होतो, तेव्हा मला आकड्याचं माहीत नव्हतं. माझ्या हिशेबी दोष माझा होता, आणि तरी मी तुझं हसू होऊ दिलं. ब्रेक शाबूत निघाल्यानं माझा नट-बोल्टचा गुन्हा सुटला, हा सुटत नाही. मापात पाप करू नये, हे दुकानदारांना सांगत आयुष्य गेलं माझं. घरच्याच माणसाच्या बाबतीत मी काट्यावर अंगठा ठेवला. माफी माग म्हणून कुणी सांगितलेलं नाही, तुझ्या ताईनंही नाही. मीच मागतोय.

आणि ते फडकं. तुला आठवतं का? आमच्याकडे जो कुणी अशा गाडीवर पहिल्यांदा बसतो, त्याच्या डाव्या बुटाला काका फडक्याची एक चिंधी बांधतात, ब्रेक इकडे आहे हे पायाला कळावं म्हणून. वकीलीणबाईंनीही पहिल्या दिवशी बांधून घेतली होती. त्या दिवशी काका चिंधी घेऊन तुझ्यापाशी आले, आणि मीच ऐटीत म्हणालो, “राहू द्या हो काका, माझा मेव्हणा आहे तो, त्याला कसली चिंधी लागते.” पिनेच्या भीतीखाली मी हे विसरूनच गेलो होतो. आज फरशीवर बसल्यावर आठवलं.

पेडल संध्याकाळी वकीलीणबाईंकडे पोचवतो.

तुझा
भाऊजी


सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय मेव्हणेबुवा,

तुझं पत्र शनिवारी आलं. आधी मी एकट्यानं वाचलं, मग तुझ्या ताईला वाचून दाखवलं, मग तिनं माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. माझ्या वाचण्यावर तिचा भरवसा नाही.

तू लिहितोस, ‘भाऊजी, पेडल घट्ट लागलं की पोकळ गेलं ते मला सांगता येणार नाही, कारण माझा पाय त्यावर गेलाच नाही.’ या वाक्याशी मी थांबलो. पुढचं वाचायला चष्मा पुन्हा पुसावा लागला. ‘उजवाच दाबला. दोनदा दाबला. कौलांचा ढीग समोर आला तेव्हाच मला कळलं होतं. पण स्ट्रेचरवर तुम्हाला बघितलं आणि वर्गातली पोरं बोलतात तसं तोंडातून निघून गेलं, सर, पेनच चाललं नाही. तुम्ही पांढरेफटक पडलात. मला वाटलं, तुमच्या हातच्या कामाला मी नावं ठेवली म्हणून. मंडळात तुमच्याकडे बघितलं ते तुम्ही माझी बाजू घ्यावी म्हणून नव्हे. तुम्ही मला खोटारडा म्हणाल आणि एकदाचं संपेल, म्हणून बघितलं. तुम्ही गप्प राहिलात. मला वाटलं, केवढा मोठा माणूस, माझं खोटं पोटात घालतोय. त्या घरात मग कुठल्या तोंडानं यायचं?’

केवढा मोठा माणूस. अरे, मी बिनसाखरेचा चहा ढवळत होतो.

तुझी ताई म्हणाली, “एकाला ब्रेक सापडला नाही आणि दुसऱ्याला तोंड. आणि मी मूर्ख दोघांचे डबे भरत बसले.” मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराशी उभा राहिलो, तर रडत होती. माझं ऐकूनही न रडलेली बाई तुझं पत्र वाचून रडली. म्हणाली, वर्षातून दोनदा तुझ्याकडे जायची, आणि परतताना दर वेळी वाटायचं, या दोघांपैकी एकाची तरी बाजू घ्यायला हवी, पण कोणाची ते कळायचं नाही. आपण दोघांनी तिचे किती दिवस खाल्ले, हे तू आल्यावर तिलाच विचार.

काल मंडळात सांगितलं. माझं आधी, सगळं. तुझं मी सांगणार नव्हतो, पण तूच लिहिलंयस की वाचून दाखवा, म्हणून वाचलं. कुणी हसलं नाही. हसू आलं ते आकड्याला, आणि ते पोट धरून. वकीलीणबाई म्हणाल्या, “हा पुरावा आहे, जपून ठेवा.” तुझ्या ताईला मी सोबत नेलं होतं. ती म्हणाली, “पुरावा कसला, माझा आकडा आहे तो,” आणि परत मागून घेतला. ग्रीस पुसून सरळ केला आणि अंबाड्यात खोचला. काकांनी चहा संपवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “तेव्हा चिंधी मी बांधायलाच हवी होती. तुझं ऐकलं, ही माझी चूक.” म्हणजे तिघेजण एकाच गुडघ्यावर हक्क सांगतोय आम्ही.

पेडल परत आलं. आज सकाळी बसवलं. पेटीतून ती पिन काढली, भोकात घातली आणि तिचे पाय फाकवले. पन्नास ग्रॅमचं वजन त्याच्या खाचेत परत गेलं. खिसा इतका हलका लागतो की दोनदा मी किल्ल्या हरवल्या असं समजून शोधल्या.

इंजिनात चार दिवस तेल ओतून ठेवलं होतं. अकराव्या किकला मावशी बोलली. आधी खोकली, निळा धूर सोडला, मग तो आवाज, जो ऐकून तू पहिल्यांदा म्हणाला होतास की ही गाडी भांडत नाही, तावातावानं गप्पा मारते. शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी ती बंद केली नाही, पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवली.

पुढचा काटा सरळ व्हायला महिना जाईल. टायर काका घालून देताहेत. एप्रिलच्या पहिल्या रविवारी फेरी आहे, कौलांच्या कारखान्यापर्यंत आणि परत. तुझा गुडघा वाकतो किती, हे ताईनं मला सांगितलंय. तेवढा पुरतो. किक मी मारून देईन. वकीलीणबाई जुळ्या बहिणीवर पुढे राहतील, मी काकांच्या मागे, नेहमीसारखा पोत्याच्या जागी. मावशीवर तू बसायचंस. आधी गावात आठवडाभर सराव करू. फेरीच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी आलास तर बरं, खोली झाडून ठेवली आहे.

चिंधी बांधायला काका पुढे आले होते. मी म्हणालो, नाही, ती मी बांधणार. तुझी ताई म्हणते, जावयानं मेव्हण्याच्या पायाशी बसायची रीत नाही. मी म्हटलं, ब्रेक डावीकडे असायचीही रीत नाही. बसेन मी खाली. उठताना तुम्ही दोघं मिळून हात द्या, कारण गुडघे माझेही आता तुझ्याच पंगतीला बसलेत.

तू फक्त पाय पुढे कर. आणि पुढे करताना, मास्तर, डावा कर.

तुझा
भाऊजी